पुढचा तुकडा मुलाला ठरवू द्या

पालकहो, आज तुमच्याशी चिंध्यांविषयी बोलायचं आहे.

तुमच्या घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली जुन्या कपड्यांचं एक गाठोडं नक्की असेल. लेकाचा आखूड झालेला शाळेचा सदरा, लेकीचं झबलं, आजीची विरलेली नऊवारी, कोपऱ्याला फाटलेली चादर, ब्लाऊज शिवून उरलेलं वीतभर कापड. यातलं काही आपण भांडीवालीला देतो, काहीचं फडकं होतं, काही पावसाळाभर दारात पायपुसणं म्हणून पडून राहतं. यंदा हे गाठोडं मुलांसमोर सोडा. सुई-दोरा काढा आणि त्यांच्याबरोबर बसून एक लहानशी गोधडी शिवायला घ्या. आधी नक्षी काढायची नाही, सारखे चौकोन कापायचे नाहीत. तुकडे पसरायचे, बघायचं आणि एकाला लागून दुसरा लावत जायचं. या सगळ्यात एकच पथ्य पाळा. पुढचा तुकडा कुठला, हे मुलाला ठरवू द्या.

एवढ्याशा गोष्टीसाठी मी इतका आग्रह का धरते आहे, ते सांगते.

आपल्या मुलांचा दिवस जरा डोळ्यांसमोर आणा. शाळेत धडा ठरलेला, घरी अभ्यास ठरलेला, क्लासमध्ये गणिताचं उत्तर मागच्या पानावर छापलेलं. चित्र रंगवायच्या पुस्तकातसुद्धा हत्ती आधीच काढलेला असतो, मुलाने फक्त रेषेच्या आत राहायचं. मोबाइल हातात घेतला तर पुढचा व्हिडिओ मोबाइलच लावून देतो. ‘आता काय करायचं?’ हा प्रश्न मुलासमोर येतच नाही. आला तरी त्याच्या उत्तराने फारसं काही बदलत नाही. मग हीच मुलं पंधरा-सोळा वर्षांची झाली की आपण म्हणतो, याला स्वतःचं काही ठरवताच येत नाही. ठरवायची सवय लागायला ठरवायची संधी मिळावी लागते, आणि तीही अशा कामात, जिथे निर्णय फसला तरी कुणाचं नुकसान होत नाही. निळ्याशेजारी पिवळा लावला आणि आवडला नाही, तर टाके उसवायचे. कापड तेवढंच राहतं, मुलाला मात्र कळलेलं असतं की आपल्याला काय आवडत नाही.

अशा कामाची रीत आपल्या मुरबे या मच्छीमार गावाला नवी नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. बोटी वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि एरवी समुद्रावर असणारे बाबा घरी असतात. खाडीपलीकडे सातपाटीला जा, नाहीतर आपल्याच आळीत फिरा, ओटीवर कुणी ना कुणी जाळं घेऊन बसलेलं दिसेल. मुलाला एकदा त्या माणसाजवळ नेऊन बसवा. जाळं कुठे आणि किती फाटणार हे कुणी आधी सांगत नाही. भोक पसरून बघायचं, तुटके धागे कापून जागा साफ करायची, कुठल्या आसापासून, म्हणजे जाळ्याच्या डोळ्यापासून, सुरुवात करायची हे ठरवायचं आणि विणत जायचं. हाताला काम ठाऊक असतं, पण प्रत्येक भोक नवं असतं. चिंध्यांची गोधडी अशीच पुढे सरकते. आणि ज्या गावात बापाच्या, काकाच्या हातात पावसाळाभर जाळं विणायची सुई असते, तिथे मुलगा गोधडी शिवायला बसला म्हणून कुणी त्याला हसू नये. मुलीबरोबर मुलालाही बसवा. खरं तर मुलाला आवर्जून बसवा.

फुकटच्या साधनातून मुलं घडवण्याचं मोठं काम आपल्याच पालघर जिल्ह्यात होऊन गेलं आहे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या आणि खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू झालं. पुढे ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि आदिवासी पाड्यांपर्यंत पोचलं. मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. या दोघींनी आजूबाजूला पाहिलं आणि बिया, शंख-शिंपले, खडे, पानं, माती हीच मुलांची साधनं केली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला पालक म्हणून सगळ्यात मोलाची वाटते. मूल हाताने काम करत असताना मोठ्या माणसाने जवळ असावं, पण त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नये. आपल्या घरातलं कपड्यांचं गाठोडं हे त्याच जातीचं साधन आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि ते बिया-शिंपल्यांपेक्षाही जवळचं आहे, कारण त्यातला प्रत्येक तुकडा घरातल्या कुणाच्या तरी अंगावरचा आहे.

आपल्या आज्या गोधडी कशी शिवत, ते आठवा. खाली जुन्या लुगड्याचं अस्तर पसरायचं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, घड्या घातल्या की आतले थर तयार. वर मिळतील ते तुकडे मांडायचे, कडा आत दुमडायच्या आणि काठापासून धावदोरा घालत घालत मधल्या भागाकडे यायचं. कागदावर काही काढलेलं नसे. कुठे पातळाचा काठ येई, कुठे सदऱ्याचा खिसा तसाच राही. तुकडा कमी पडला तर दुसरा जोडायचा, जास्त झाला तर दुमडायचा. देशावर हिला वाकळ म्हणतात आणि तिथेही रीत हीच. शेजारणी दुपारी एकत्र बसत, चार जणी चार बाजूंनी शिवत, आणि प्रत्येकीचा टाका वेगळा ओळखू येई.

कारवारच्या पलीकडे, उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. तिथल्या बायका अशीच गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. त्याही काठापासून सुरुवात करून गोल गोल आत येतात, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. फुलं नसतील तर कवंदी उघडीबोडकी वाटते असं त्या मानतात. मुलांना ही फुलं करायला फार आवडतील. चौकोनी तुकड्याची तिरकी घडी घाला, पुन्हा एकदा घाला आणि कोपऱ्यात शिवा.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं छोटंसं गाव आहे. गुलामगिरीत राबलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे राहतात. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून तिथल्या बायकांनी शेतातले फाटके सदरे, डेनिमच्या विजारी, पिठाच्या गोण्या कापून गोधड्या शिवल्या. रेषा वाकड्या, चौकोन तिरके, रंग हाती येतील ते. १९४२ साली मिझुरी पेटवे या बाईने नवरा गेल्यावर त्याचे कामाचे कपडे जोडून गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावं म्हणून. २००२ साली या गावातल्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि जाणकारांनी त्यांना मोठ्या चित्रकारांच्या कामाशेजारी बसवलं. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. त्या बायकांकडे नवीन कापड नव्हतं आणि कुणी शिकवलेली चित्रकला नव्हती. प्रत्येक तुकडा ठेवताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. आपल्या मुलाला आपण जे देऊ पाहतो आहोत, ते हेच.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू.

पहिली गोधडी लहान घ्या. साठ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद. बाहुलीचं पांघरूण, मांजराची बैठक, शेजारच्या बाळाचं दुपटं, काहीही म्हणा. तीन थर पुरे. खाली अस्तर, मध्ये जुन्या चादरीचा तुकडा, वर चिंध्या. थर वाढले की सुई जड जाते आणि मूल कंटाळतं. कापड शक्यतो सुती घ्या. सुळसुळीत सिंथेटिक साडी हातातून निसटते, जीन्सची जाड शिवण सुईला दाद देत नाही. ती शिवण कापून टाकली तर मधला भाग कामाला येतो. नवं कापड असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्याला आटून गोधडी गोळा होते. गडद रंगाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. रंग लागला तर तो वेगळा धुवा, तरीही जात राहिला तर बाजूला ठेवा.

आपल्याकडची दोन पथ्यं आणखी. बोटीवर वापरलेल्या कपड्यांना मासळीचा वास असतो. ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून, स्वच्छ धुऊन, उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय घेऊ नका. आणि घरातलं कुणी तारापूर एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात जात असेल, तर तिथे वापरलेले कपडे गोधडीत अजिबात नकोत. ती मुलाच्या अंगावर, तोंडाजवळ येणार आहे. पावसाळ्यात कापड दमट राहतं, म्हणून तुकडे मे महिन्यातच धुऊन वाळवून डब्यात भरून ठेवले तर उत्तम. नाहीच जमलं तर शिवण्याआधी गरम इस्त्री फिरवा.

सुईची भीती अनेक आयांना वाटते, आणि ती योग्यच आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हाती सुई देऊ नका. त्याने तुकडे निवडावेत, मांडावेत, हलवावेत. त्याच्या दृष्टीने तेच खरं काम असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई आणि सैल विणीचं कापड द्या. नऊ-दहा वर्षांचं मूल साधी सुई नीट वापरतं, फक्त बोटात टोपण घालायची सवय लावा. सुया मोजून काढायच्या आणि उठताना मोजून ठेवायच्या, हा नियम मोठ्यांनाही लागू. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर आणखी बरा चालतो.

शिवायला सुरुवात करण्याआधी अस्तरावर तुकडे नुसते पसरू द्या. ही खेळायची वेळ आहे आणि तिला घाई नको. मूल एक तुकडा ठेवतं, मागे सरकून बघतं, दुसरा ठेवतं, पहिला उचलतं. या बघण्यात सगळं शिक्षण आहे. एका कोपऱ्यातून सुरू करा. तुकड्याची कड बोटभर आत दुमडा, शेजारचा तुकडा थोडा वर चढवा, कच्चा दोरा घालून बसवा आणि मग काठापासून धावदोरा घालत आत या. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर पुरे. मध्यभागी पोचलात की एक वेडंवाकडं भगदाड उरतं, त्यात कुठलाच तुकडा नीट बसत नाही. ती जागा मुलासाठी राखून ठेवा. तिथे बसणारा तुकडा त्याने शोधावा, नसेल तर कापून घ्यावा.

पाचवी-सहावीतलं मूल असेल तर त्याला एक हिशोब घाला. हिशोबापुरत्या ओळी सरळ धरू. साठ सेंटिमीटरच्या चौरसात दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी, म्हणजे तीस ओळी. प्रत्येक साठ सेंटिमीटरची, म्हणजे अठरा मीटर शिवण. सेंटिमीटरला एक टाका धरला तर अठराशे टाके. हातभर दोरा अर्धा मीटर धरला तर निदान छत्तीस वेळा सुई ओवावी लागणार, गाठींत जाणारा दोरा वेगळाच. वहीत हे गणित दोन मिनिटांत सुटतं. हाताने करताना अठराशे म्हणजे किती, ते अंगात उतरतं. आजीने अख्ख्या घराच्या गोधड्या शिवल्या म्हणजे काय केलं, तेही त्या दिवशी कळतं.

तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी एकाची फर्स्ट शिफ्ट, दुसऱ्याची सेकंड. कुणी पहाटेची लोकल धरून मुंबई गाठतं. वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. यासाठी रोज तासभर लागत नाही. एका टोपलीत किंवा डब्यात सगळं सामान घालून हाताशी ठेवा. रविवारी दुपारी अर्धा तास, लाइट गेल्यावर खिडकीशी पंधरा मिनिटं. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना आवर्जून बोलवा. आजीला सुईत दोरा ओवायला दिसत नाही, नातवाला टाका सारखा येत नाही. दोघांचं एकमेकांवाचून अडतं, आणि असं अडलेलं बरं असतं.

शिवताना बोलणं आपोआप होतं. ‘हे कापड कुणाचं?’ असा प्रश्न मूल विचारतंच. मग नारळी पौर्णिमेला घेतलेला फ्रॉक निघतो, मामाच्या हळदीला नेसलेली साडी निघते, बाबांचा पहिल्या नोकरीतला शर्ट निघतो. समोरासमोर बसवून ‘तुझ्या मनात काय चाललंय ते सांग’ म्हटलं की मुलं गप्प होतात. हात कामात आणि नजर टाक्यावर असली की शाळेत कुणी चिडवलं, कुठल्या पेपराची भीती वाटते, हे ती न विचारता सांगतात. घरातलं कुणी गेलेलं असेल तर त्यांच्या कपड्याचा तुकडा घ्यायचा की नाही, हे तुमच्या घरच्या रीतीने आणि मनाने ठरवा. काही घरांत ते कपडे देऊन टाकतात, काहींना तो तुकडा जवळ असावासा वाटतो. मुलाला आजोबांच्या सदऱ्याची चिंधी हवी असेल, तर निदान त्याचं म्हणणं ऐकून घ्या.

आता तुमच्यासाठी अवघड भाग. मूल जांभळ्याशेजारी पोपटी ठेवेल आणि तुमचा हात शिवशिवेल. टाके कुठे वीतभर लांब, कुठे एकावर एक चढलेले असतील. मूल झोपल्यावर ते उसवून नीट करावेसे वाटतील. करू नका. सकाळी त्याला ते लगेच ओळखू येतं, आणि आपलं काम कच्चं होतं एवढंच त्यातून त्याला कळतं. ‘हा रंग नको, तो घे’ याऐवजी ‘इथे काय ठेवावंसं वाटतंय?’ असं विचारा. ‘छान, छान’ची खैरातही नको. ‘हा काठ तू आडवा लावलास, त्यामुळे सगळं पसरल्यासारखं दिसतंय’ असं जे खरोखर दिसलं ते सांगा. मूल मधेच सोडून खेळायला गेलं तर जाऊ द्या. टोपली तिथेच असू द्या, ते परत येतं. नाहीच आलं तर तुम्ही बसून आपल्या आनंदासाठी चार ओळी शिवा.

तुमच्या आनंदासाठी, हे मी मनापासून म्हणते. मी स्वतः चिंध्यांच्या गोधड्या शिवते. पुढे काय होणार हे माहीत नसताना एखादा तुकडा ठेवावा आणि शेजारचा फिका पडलेला, टाकाऊ वाटलेला रंग एकदम उजळून निघावा, यासारखं सुख मला दुसऱ्या कुठल्या घरकामात मिळालेलं नाही. स्वयंपाक संपतो, धुणं उद्या पुन्हा येतं. गोधडी रोज थोडी थोडी वाढते आणि वाढलेली दिसते. दिवसभर दुसऱ्यांच्या वेळेप्रमाणे धावणाऱ्या आईला आणि बापालाही असं एखादं काम हवं, जिथे कुणी घाई करत नाही आणि कुणी गुण देत नाही. आपले आईवडील असं रमलेले मुलांना दिसले, तर त्यांनाही रमणं जमतं.

गोधडी पुरी झाली की एका कोपऱ्यात मुलाला स्वतःच्या नावाचं अक्षर आणि साल शिवू द्या. मग ती कपाटात जपून ठेवू नका, पाहुण्यांना दाखवायची वस्तू करू नका. मुलाला ती रोज पांघरू द्या, अंथरू द्या, तिच्यावर लोळू द्या, मळली की धुवा. वापरता वापरता ती कुठेतरी विरेल, फाटेल. तेव्हा ती जागा झाकायला नवी चिंधी लागेल. गाठोडं पुन्हा त्याच्यासमोर सोडा, आणि तो तुकडाही त्यालाच निवडू द्या.